तीनशेचा प्लॅन आणि अडकलेला व्हिडिओ

नेटफ्लिक्सच्या स्वतःच्या शिफारशीनुसार फोर-के दर्जाचा चित्रपट पाहायला १५ एमबीपीएस वेग पुरतो. फुल एचडीला ५ आणि साध्या एचडीला ३. म्हणजे ज्या घरात ३०० एमबीपीएसचं कनेक्शन आहे, तिथे हिशेबाने वीस पडद्यांवर एकाच वेळी फोर-के चालायला हवं. प्रत्यक्षात एकाच कॉम्प्युटरवर, तोही वायफायने नव्हे तर थेट लॅन केबलने जोडलेला, जेवणं आटोपल्यावर लावलेली एकुलती एक मालिका अडकते. गोल फिरत राहतं, चित्र पुसट होतं, संवाद तुटतो. ग्राहक फोन लावतो. ‘वायफायवर आहात का?’ हा पलीकडचा पहिला प्रश्न. ‘नाही, वायर लावलीय,’ असं उत्तर मिळालं की राउटर बंद करून चालू करायचा सल्ला येतो. त्यानेही भागलं नाही तर ५०० चा प्लॅन सुचवला जातो.

हा शेवटचा सल्ला कंपनीच्या फायद्याचा असतो, ग्राहकाच्या क्वचितच. शंभर एमबीपीएसच्या वरच्या घरात व्हिडिओ अडकण्याचं कारण प्लॅनच्या आकड्यात बहुधा नसतंच. मग आकडा वाढवून काय साधणार? राउटर रीस्टार्ट केल्याने कधी कधी खरंच सुधारणा होते, पण त्याबरोबर बिघाडाचा मागही पुसला जातो आणि चार दिवसांनी तेच रडगाणं सुरू होतं. पाणी कुठे मुरतंय ते शोधायला हवं. वायर लावलेल्या कॉम्प्युटरचा मोठा फायदा असा, की भिंती, शेजाऱ्याचा राउटर, मायक्रोवेव्ह हे वायफायचे सगळे संशयित एका फटक्यात बाद होतात. उरलेल्या टप्प्यांपैकी बहुतेकांची झडती घरबसल्या घेता येते. शेवटचे एक-दोन टप्पे मात्र ग्राहकाच्या हाताबाहेर आहेत, आणि खरं भांडण तिथलं आहे.

सुरुवात कॉम्प्युटरपासूनच करावी, कारण कित्येकदा नेट निर्दोष असतं. यूट्यूबच्या चालू व्हिडिओवर राइट क्लिक केलं की ‘स्टॅट्स फॉर नर्ड्स’ नावाचा पर्याय दिसतो. त्यातून उघडणाऱ्या काळ्या चौकटीतल्या दोन ओळी वाचल्या तरी पुरे. ‘बफर हेल्थ’ म्हणजे पुढचे किती सेकंद आधीच उतरवून ठेवलेत; ‘ड्रॉप्ड फ्रेम्स’ म्हणजे किती चित्रं कॉम्प्युटरला वेळेत दाखवता आली नाहीत. बफर तीस-चाळीस सेकंदांचा भरलेला आहे, तरी चित्र अडखळतंय आणि ड्रॉप्ड फ्रेम्सचा आकडा चढतोय, तर नेटवाल्याला शिव्या देण्यात अर्थ नाही. यूट्यूब बरेचसे व्हिडिओ व्हीपी-९ आणि एव्ही-१ या स्वरूपांत पाठवतं. त्यात डेटा वाचतो, पण तो उलगडायला मेहनत जास्त पडते. इंटेलच्या सातव्या पिढीपासून व्हीपी-९ची आणि अकराव्या पिढीपासून एव्ही-१ची सोय बहुतेक चिपांमध्येच आहे. त्याआधीच्या कॉम्प्युटरमध्ये हा भार प्रोसेसरवर पडतो, आणि फोर-के मागितला की पंखा घोंघावायला लागतो. ब्राउझरमधलं ‘हार्डवेअर ॲक्सिलरेशन’ बंद झालेलं असलं तर नवाकोरा कॉम्प्युटरही असाच धापा टाकतो. ते चालू करणं किंवा दर्जा १०८० वर आणणं, एवढ्यावर हे प्रकरण मिटतं.

कॉम्प्युटर सुटला की पाळी केबलची. वायर म्हणजे वायर, तिला काय होणार, हा समज फार जणांना महागात पडतो. लॅन केबलमध्ये आठ बारीक तारा चार जोड्यांत पिळून घातलेल्या असतात. १०० एमबीपीएसच्या इथरनेटला त्यातल्या दोनच जोड्या लागतात. १९९९ साली प्रमाणित झालेल्या तांब्याच्या तारेवरच्या गिगाबिट इथरनेटला चारही लागतात. त्यामुळे आठांपैकी एखादी तार जॅकमध्ये नीट बसली नाही, उंदराने कुरतडली किंवा दाराच्या फटीत चेमटली, तर कनेक्शन पूर्ण बंद न पडता गुपचूप १०० वर उतरू शकतं. पोर्टवरचा दिवा लुकलुकत राहतो आणि सगळं आलबेल वाटतं. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये नेटवर्क आणि मग इथरनेट उघडलं की ‘लिंक स्पीड’ दिसतो: १०००/१००० किंवा १००/१००. आता १०० दिसलं म्हणून लगेच घाबरायचं कारण नाही. फोर-के १०० मध्येही आरामात मावतो, आणि कित्येक स्वस्त राउटरांची पोर्टं मुळातच १०० ची असतात. पण दोन्ही टोकं गिगाबिटची असून मध्ये १०० दिसत असेल, तर केबलवर संशय घ्यायला जागा आहे, आणि खोट असलेली केबल पॅकेट गाळते.

खरा घोटाळा या गळतीने होतो. व्हिडिओ छोट्या छोट्या पॅकेटांतून येतो आणि टीसीपी नावाची व्यवस्था प्रत्येकाची पोच पाहत पाठवण्याचा वेग ठरवते. पॅकेट हरवलं की पुढे गर्दी आहे असं ती धरून चालते आणि झटकन वेग कमी करते. तिला ही सवय लावावी लागली, त्यामागे एक फजिती आहे. ऑक्टोबर १९८६ मध्ये कॅलिफोर्नियातली लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कलीचं विद्यापीठ यांच्यातल्या, जेमतेम चारशे यार्ड अंतरावरच्या दुव्याचा वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर कोसळला. ४० हजार नव्हे, चाळीस. दोन्हीकडचे संगणक हरवलेली पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवत होते आणि कोंडीत भरच घालत होते. व्हॅन जेकबसन या तिथल्या संशोधकाने १९८८ मध्ये त्यावर तोडगा मांडला: पॅकेट हरवलं की पाठवणाऱ्याने माघार घ्यायची. इंटरनेट आज कोसळत नाही ते बऱ्याच अंशी या शिस्तीमुळे.

पण पॅकेट गर्दीत हरवलं की उंदराच्या दाताखाली, हे टीसीपीला कळत नाही. गळती असताना किती वेग मिळेल, याचं एक सूत्र मॅथ्यू मॅथिस आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये दिलं. त्यात आकडे घालून पाहिले तर डोळे उघडतात. शंभरात एक पॅकेट गळतंय आणि सर्व्हरपर्यंत जाऊन यायला ५० मिलिसेकंद लागतायत, अशा वेळी एका जोडणीला मिळणारा वेग साधारण ३ एमबीपीएस. प्लॅन १०० चा असो की १००० चा, उत्तर तेच. गूगलने २०१६ मध्ये पुढे आणलेली बीबीआर ही पद्धत गळतीला एवढी बिचकत नाही. म्हणून त्याच घरात त्याच वेळी यूट्यूब सुरळीत चालतं आणि दुसरं ॲप मात्र अडतं, असंही होऊ शकतं.

तेव्हा पहिली दुरुस्ती सर्वांत स्वस्त: दुसरी केबल लावून पाहायची. जॅकवरची चिमुकली प्लॅस्टिकची क्लिप तुटलेली असेल आणि तिच्या जागी सेलोटेप असेल, तर आणखी तपास नकोच. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत केबल घेताना मात्र ती शुद्ध तांब्याची आहे ना, हे विचारून घ्यावं. स्वस्तातल्या काही केबलींत ॲल्युमिनियमच्या तारेवर तांब्याचा नुसता मुलामा असतो. ती तार ठिसूळ असते आणि कॅट-५ई किंवा कॅट-६च्या मानकात बसत नाही, वेष्टनावर काहीही छापलेलं असो. गच्चीवरच्या डब्यातून खिडकीवाटे खाली सोडलेली केबल असेल तर पावसाळ्यात जॅकमध्ये पाणी शिरून तांबं हिरवं पडलेलं सापडतं. आणखी एक जागा तपासण्यासारखी आहे, विशेषतः घरात कुणी हौशी तज्ज्ञ असेल तर: नेटवर्क कार्डच्या ‘स्पीड अँड ड्युप्लेक्स’मध्ये ‘ऑटो निगोशिएशन’च हवं. वेग वाढेल म्हणून कुणी तिथे ‘१०० फुल’ पक्कं करून ठेवलं, तर समोरचं यंत्र गोंधळून हाफ ड्युप्लेक्सवर, म्हणजे एका वेळी एकाच दिशेच्या वाहतुकीवर जातं, दोन्ही बाजूंची पॅकेट एकमेकांवर आदळतात आणि वेगाची वाट लागते.

घर दोषी की कंपनी, याचा निवाडा एका जुन्या आज्ञेने होतो. कमांड प्रॉम्प्टमध्ये पिंग टाकून आधी राउटरला शंभरेक हाका मारायच्या (पत्ता बहुधा १९२.१६८.१.१), मग गूगलच्या ८.८.८.८ ला. राउटरपर्यंतच उत्तरं गळत असतील तर केबल, पोर्ट किंवा राउटर. तिथपर्यंत स्वच्छ आणि पुढे गळती, तर घराबाहेर. हे काम व्हिडिओ अडकत असताना करायला हवं, दुपारी निवांतपणे नव्हे.

कधी कधी एकही पॅकेट गळत नाही, तरी व्हिडिओ रखडतो. तेव्हा घरातच कुणाच्या तरी मोबाइलमधून लग्नाचे फोटो क्लाउडवर चढत असतात. एक्स विंडो प्रणालीच्या कर्त्यांपैकी एक असलेला जिम गेटिस २०१० मध्ये आपल्या घरच्या कनेक्शनवर असंच चक्रावला. मोठी फाइल चढवायला घेतली की बाकी सगळं सेकंद-सेकंदभर लटकायचं. कारण निघालं ते मोडेम आणि राउटरमधल्या भल्यामोठ्या बफरमध्ये. मेमरी स्वस्त झाली म्हणून कंपन्यांनी ती सढळ हाताने घातली होती. दवाखान्याचं प्रतीक्षागृह कितीही मोठं केलं तरी डॉक्टर एकच. उलट कुणालाच दारातून परत पाठवलं जात नाही, म्हणून आत किती खोळंबा आहे हे बाहेर कळतच नाही. टीसीपी पॅकेट हरवण्याची वाट पाहत राहते, पॅकेट हरवत नाही, नुसती रांग लांबते. गेटिसने याला ‘बफरब्लोट’ म्हटलं. २०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स आणि पुन्हा तोच व्हॅन जेकबसन यांनी ‘कोडेल’ हा उपाय दिला, आणि तो चांगल्या राउटरांत आज मिळतो. कंपनीकडून आलेल्या फुकटच्या डब्यात तो सापडेलच असं नाही. तोवर फोटो रात्री झोपताना चढवायला लावणं हा घरगुती इलाज.

एवढं सगळं करून घर निर्दोष ठरलं की ग्राहक स्पीड टेस्ट लावतो. २८७ येतात! तंत्रज्ञ तोच आकडा दाखवून म्हणतो, ‘साहेब, आमच्याकडून तर फुल येतंय.’ तो खोटं बोलत नसतो. पण ही चाचणी सहसा जवळात जवळचा सर्व्हर निवडते, आणि तो अनेकदा त्याच कंपनीच्या जाळ्यात बसवलेला असतो. शिवाय ती एकाच वेळी अनेक जोडण्या उघडते, त्यामुळे एका जोडणीला बसणारा फटका झाकला जातो. कंपनीच्या अंगणातला वेग त्यातून कळतो. व्हिडिओ अंगणाच्या कुंपणापलीकडून येत असेल, तर तिथल्या फाटकाची रुंदी कळत नाही. नेटफ्लिक्सने २०१६ मध्ये सुरू केलेली फास्ट डॉट कॉम ही चाचणी थेट त्याच्या व्हिडिओ सर्व्हरांकडून डेटा ओढते, म्हणून दोन्ही चाचण्या लागोपाठ करून पाहाव्यात. पहिलीत २८७ आणि दुसरीत ६ आले, तर ग्राहकाच्या हातात पुरावा आहे.

हे फाटक किती अरुंद होऊ शकतं, हे अमेरिकेने २०१३-१४ मध्ये पाहिलं. कॉमकास्ट या इंटरनेट कंपनीच्या ग्राहकांना नेटफ्लिक्स नीट दिसेनासं झालं. त्यांची केबल ठणठणीत होती, प्लॅन मोठे होते. पण दोन जाळी जिथे जोडली जातात त्या जागी तुंबलं होतं, आणि पोर्ट कुणाच्या खर्चाने वाढवायची यावर वाद होता. फेब्रुवारी २०१४ मध्ये नेटफ्लिक्सने कॉमकास्टशी पैशांचा करार केला आणि वेग लगोलग सुधारला. ग्राहकाच्या घरातली एक तारही कुणी बदलली नव्हती. त्याच वर्षी जुलैमध्ये व्हेरायझन या दुसऱ्या इंटरनेट कंपनीच्या ७५ एमबीपीएस फायबरवरच्या एका ग्राहकाने नेटफ्लिक्सचा चाचणी-व्हिडिओ लावला, तर वेग ३७५ केबीपीएस निघाला. मग त्याने व्हीपीएन लावला. म्हणजे डेटाला वळसा घ्यायला लावला, आणि वेग ३००० केबीपीएसवर गेला. लांबचा रस्ता जवळच्या रस्त्यापेक्षा आठपट वेगवान ठरला, कारण त्या वाटेवर ते तुंबलेलं फाटक नव्हतं. राउटर रीस्टार्ट करून हे सुटणार नव्हतं.

आता असे तंटे कमी होतात, कारण नेटफ्लिक्स आणि गूगल आपापला साठा भरलेले सर्व्हर इंटरनेट कंपन्यांच्या आवारातच ठेवून देतात. नेटफ्लिक्स ते पात्र कंपन्यांना फुकट देतं. पण सगळ्याच सेवांचा साठा सगळ्याच कंपन्यांकडे नसतो. सांगली-नांदेडमधल्या छोट्या सेवादाराच्या ग्राहकाला एखाद्या ॲपचा व्हिडिओ मुंबईहून येऊ शकतो, दुसऱ्याचा त्याहून लांबून. त्यात कुणाच्या सांगण्यावरून डीएनएस (नावावरून सर्व्हरचा पत्ता शोधून देणारी सेवा) बदलला असेल तर ॲपला ग्राहक कुठला हेच नीट कळत नाही आणि ते दूरचा सर्व्हर देऊ शकतं. अशा वेळी कंपनीचाच डीएनएस परत लावून पाहावा. क्रिकेटचा थेट सामना तर सर्वांत आधी दगा देतो. चित्रपटाचा पुढचा भाग आधीच उतरवून ठेवता येतो, पण न पडलेली विकेट कुठून उतरवणार? थेट प्रक्षेपणात हाताशी काही सेकंदच असतात. १९ नोव्हेंबर २०२३ च्या विश्वचषक अंतिम सामन्याला डिस्ने प्लस हॉटस्टारवर एकाच वेळी ५.९ कोटी प्रेक्षक होते. अशा रात्री वाटेतली प्रत्येक अरुंद जागा उघडी पडते.

गल्लीतलं फायबर ही अरुंद जागा असते का? सहसा नाही. घरोघरी पोचलेल्या जीपॉन तंत्रात एका फायबरवर खाली येणारा वेग सुमारे २.५ जीबीपीएस, आणि तो ३२ किंवा ६४ घरांत वाटला जातो. चौसष्टच्या चौसष्ट घरांनी एकाच वेळी फोर-के लावला तरी गरज ९६० एमबीपीएस, म्हणजे निम्म्याहून कमी. प्रत्येकाला ३०० चा प्लॅन विकलेला असतो हे खरं, आणि ६४ गुणिले ३०० हा हिशेब २.५ जीबीपीएसमध्ये बसत नाही हेही खरं. त्यात फसवणूक नाही. सगळे एकदम पूर्ण वेग वापरत नाहीत या गृहीतावरच हा धंदा जगभर चालतो. प्रश्न येतो तो त्या गल्लीच्या वर. कंपनीने बाहेरून घेतलेली बँडविड्थ ग्राहक वाढले तशी वाढली का? त्याचं उत्तर कंपनीच्या पडद्यावरच्या आलेखात रोज संध्याकाळी दिसतं. ग्राहकाला ते दिसत नाही, आणि ते दाखवायला कुणी कंपनीला भागही पाडत नाही.

ब्रिटनने या दिशेने एक साधी गोष्ट केली. पूर्वी तिथेही ‘अमुक वेगापर्यंत’ अशी जाहिरात करता यायची, दहा टक्के ग्राहकांना तो वेग मिळाला तरी पुरे. २३ मे २०१८ पासून नियम बदलला: जाहिरातीतला आकडा किमान निम्म्या ग्राहकांना रात्री आठ ते दहा या गर्दीच्या वेळात मिळणारा हवा. अमेरिकेत एप्रिल २०२४ पासून मोठ्या कंपन्यांना प्रत्येक प्लॅनवर खाद्यपदार्थाच्या पाकिटावर असतो तसा तक्ता लावावा लागतो, आणि त्यात नेहमी मिळणारा वेग व लेटन्सी (डेटा जाऊन यायला लागणारा वेळ) लिहावी लागते. भारतात दूरसंचार नियामक ट्रायचे गुणवत्तेचे नवे नियम १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झाले; त्यांत लेटन्सी आणि पॅकेट गळतीचे निकष आहेत, हे चांगलंच. पण कंपनीच्या सेवाक्षेत्राच्या सरासरीने एका गल्लीतल्या ग्राहकाला काय कळणार? ब्रॉडबँड म्हणवून घ्यायला लागणारा किमान वेग जानेवारी २०२३ पासून २ एमबीपीएस आहे. नेटफ्लिक्सचं साधं एचडीसुद्धा त्यात बसत नाही.

आठ ते दहाचा आकडा जाहिरातीत आणि बिलावर छापायची सक्ती इथेही व्हावी. छोट्या केबलवाल्यांना हे परवडणार नाही, असा आक्षेप येईल. त्यांचं मार्जिन पातळ असतं, आणि रात्री अकराला पावसात खांबावर चढणारा माणूस त्यांचाच असतो, हे मान्य. पण हे मोजमाप महागडं नाही. राउटरलाच ते करायला लावता येतं. उलट ज्या छोट्या सेवादाराची संध्याकाळ खरोखर चांगली आहे, त्याला मोठ्या कंपनीच्या फलकांसमोर दाखवायला पहिल्यांदाच काहीतरी मिळेल. आज तो फक्त ‘आमचंही तीनशे’ एवढंच म्हणू शकतो.

नियम येईपर्यंत ग्राहकाने तक्रार नोंदवताना ‘नेट स्लो आहे’ असं लिहू नये. लिंक स्पीड किती, राउटरपर्यंत आणि बाहेर पिंगची गळती किती, दोन्ही स्पीड टेस्टचे आकडे आणि किती वाजता घेतले, एवढं लिहिलं की तक्रार पहिल्या पायरीवरून वर सरकण्याची शक्यता वाढते. तंत्रज्ञ बहुधा सकाळी अकराला येईल, तेव्हा सगळं सुरळीत असेल, आणि तक्रार बंद करायला तो मोबाइलवर आलेला ओटीपी मागेल. तो लगेच देऊ नये. रात्री आठ ते दहामध्ये पुन्हा मोजून मगच देतो, असं त्याला चहा पाजून सांगावं.